नईमाबाईंच्या शब्दावर लागलेला सोलर पंप

अकोल्यात जठारपेठेच्या एका गल्लीत नबी मिस्त्रींचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. भारनियमनाच्या वर्षांत शेती होरपळत होती, पण या दुकानाला मात्र सुगी होती. कमी दाबाच्या विजेने विहिरींवरच्या मोटारी जळत आणि जळाल्या की त्या याच दाराशी येत. नबींची मुलगी नईमा तांब्याची तार गुंडाळायला इथेच शिकली. वडिलांचे हात कापू लागले तेव्हा दुकान तिच्याकडे आले आणि गिऱ्हाइके तिला नईमाबाई म्हणू लागली.

ती सोलर पंपाच्या प्रशिक्षणाला अमरावतीला निघाली, हे म्हणूनच नबींना उफराटे वाटले.

"मोटर जळायचीच बंद झाली तर खायचं काय, बेटा?"

"अब्बा, जळालेल्या मोटरीसंगं माणूस बी येते दुकानात. त्याचं तोंड पायलं का कदी?"



आज लोक सांगतात की अंजनगावच्या भागात सोलर नईमाबाईंनी आणले. तसे म्हणायला आधार नाही. योजना सरकारची होती, पंप कंपनीचा होता. नईमाचा होता तो फक्त शब्द. पण गावाने विश्वास ठेवला तो त्याच शब्दावर. अंजनगावकडचे खुशालराव वर्षानुवर्षे वीजजोडणीच्या रांगेत नंबर लावून बसले होते आणि तोवर संत्र्याची बाग डिझेल इंजिनावर जगवत होते. सोलर घ्यायचा तर रांगेतला तो नंबर सोडावा लागे.

"सोडू का, बेटा? तू म्हणशीन तसं."

"सोडा, काका. नाई चाललं तं मले धरा."

खुशालरावांनी नंबर सोडला आणि त्यांच्या विहिरीवर सोलर पंप लागला. चैत्रात संत्र्यावर आंबिया बहाराचे फळ बोराएवढे झाले आणि नेमके तेव्हाच पाणी मंदावले. सकाळी धार भरून येई. ऊन चढले की करंगळीएवढी होई. चढत्या उन्हात पाणी वाढायला हवे, इथे उलटे घडत होते. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडू लागला. नईमा एसटीने धावत आली, तर भर दुपारी धार अगदी ठणठणीत.

"तुले पाहून चालते हे!" खुशालराव वैतागले. "काल लेकाचं नुसतं थुंकत होतं."

दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. शेजारचे पंजाबराव दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभे होते. त्यांचाही नंबर रांगेतच होता. ते म्हणाले, "काय वो नईमाबाई, आता सूर्य बी लोडशेडिंग करून राह्यला का?"

नईमाची कानशिले तापली. धार बारीक म्हणजे वाइंडिंग गेले, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होते. तिने मोटार विहिरीतून वर काढवली आणि खोलली. आतली तार नव्या भांड्यासारखी चकाकत होती. बिघाड सापडला नाही आणि तहानलेल्या बागेचे एका दिवसाचे पाणी मात्र तिने बुडवले होते. 

मोटार पुन्हा बसवून ती ओसरीवर टेकली. खुशालरावांच्या पत्नी जमुनाबाई तळलेल्या कुरडयांचे, त्यांच्या भाषेत कुरोड्यांचे, ताट घेऊन आल्या.

"यंदाच्या का, काकू?"

"परवाच्या."

"परवा टाकल्या न् आज तयल्या? वायल्या कदी?"

"एका उन्हात!" जमुनाबाई कौतुकाने म्हणाल्या. "खाली टाकल्या का बकऱ्या तोंड घालतात. मांगच्या त्या काचा कशा तव्यावानी तापतात! धोतर पसरलं, त्याच्यावर कुरोड्या. तू येनार म्हटलं का उचलून घेतो. पाव्हण्यासमोर पसारा बरा दिसत नाई."

नईमाच्या हातातली कुरोडी हातातच राहिली. सोलरच्या प्लेटा घराच्या मागे होत्या; खुशालराव दुपारभर बागेच्या पलीकडच्या टोकाला पाणी वळवत असत. कोणाला दिसणार?

"काकू, त्या प्लेटा एका माळंत ओवल्या हायेत. दोन झाकल्या का साऱ्याच लंगडतात."

जमुनाबाईंनी कुरोड्यांचे ते धोतर घडी घालून पेटीत टाकले.

संध्याकाळी पंजाबराव आणखी चार-पाच जणांना घेऊन आले. नंबर सोडायचा की नाही, हे त्या सगळ्यांना ठरवायचे होते.

"प्लेटांवर सावली पडत होती," नईमा म्हणाली. "आता नाई पडनार. मोटर मी फुकट खोलली, ते चूक माही."

"सावली कायची!" दारातून जमुनाबाईंचा आवाज आला. "माह्या कुरोड्या होत्या त्या. पोरीले काहून बोल लावता?"

 पंजाबरावच आधी हसले आणि पाठोपाठ अख्खी ओसरी. खुशालराव डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे मशीन बेकसूर, न् घरातच लोडशेडिंग!"

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आले तेव्हा नईमा पाइपाच्या तोंडाशी उभी होती. तिने धारेखाली हात धरला. पाण्याने तो मागे लोटला. पडलेले फळ काही परत येणार नव्हते, पण झाडावरचे पुष्कळ वाचणार होते. वाफ्यावाफ्यांतून चकाकत निघालेल्या त्या पाण्याकडे पाहताना आपली मान ताठ झाली आहे हे तिला जाणवले आणि तिने ती तशीच राहू दिली.

पंजाबराव चपला हातात घेऊन चिखलातून आले.

"मी बी नंबर सोडतो, नईमाबाई. पण शब्द तुमचा पायजे."

"देतो ना. पन पयले घरच्या बाईले घेऊन या. तिच्यासमोरच देतो."

पंजाबराव आल्या पावली घराकडे वळले.