दिराने खणलेला खड्डा

तिपापे माझी शेजारीण. लोइताच्या माळावर आमच्या दोन झोपड्यांमध्ये वासरांचा कोंडवाडा तेवढा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. एकवीस गाई आणि तीन कुत्री घेऊन ती एकटी राहायची. तोंडाने फटकळ. चार दिवस कुणाला शिव्या घातल्या नाहीत तर लोक विचारायचे, बरी आहेस ना?

त्या उन्हाळ्यात सिंहिणीने काट्यांचं कुंपण फोडलं आणि तिच्या धाकट्या दिराची, पार्सालोईची, गाभण गाय ओढ्यापर्यंत फरफटत नेली. पोट फाडून अर्धी खाल्ली. पार्सालोईने ते पाहिलं आणि कुणाशी न बोलता बाजाराची वाट धरली. पिकावरच्या किडीसाठी मिळतात ते जांभळे दाणे त्याने आणले आणि उरलेल्या मांसात काठीने खोल कोंबले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिपापेची किंकाळी ऐकू आली. मी सोटा घेऊन धावलो.

सिंहीण गाईपासून वीस पावलांवर पडली होती. मरताना तिने पंजांनी जमीन उकरून चर पाडले होते. दोन बछडे तिला लागूनच ताठ झालेले. तीन तरसं. गिधाडं तर मोजवेनात. काही मेलेली, काही पंख पसरून मातीत डोकं आपटत होती, चोचीतून लाळ गळत होती. तिपापेची दोन कुत्री त्यांच्यातच गार पडली होती. तिसरी, काळी नारोक, अजून तडफडत होती. पाय झाडायची, श्वास घ्यायला तोंड उघडायची आणि नुसता फेस यायचा.

"हिला मी दिसतच नाहीये रे," तिपापे म्हणाली. माझ्या हातातला सोटा तिने ओढून घेतला आणि नारोकच्या डोक्यात घातला. पहिल्या घावाने कुत्री मेली नाही. दुसऱ्याने मेली.

सोटा तसाच रक्ताने भरलेला घेऊन ती दिराच्या दारात गेली.

"भावजी, बाहेर या."

"काय गं वहिनी, सकाळी सकाळी?"

"दाणे कुणी टाकले?"

"मीच टाकले. सिंहिणीसाठी. तुझी कुत्री बांधून ठेवायला काय झालं होतं?"

तिने त्याच्या दंडावर असा फटका हाणला की हाड मोडल्याचा आवाज मला कोंडवाड्यापाशी ऐकू आला. तो खाली बसला. दुसरा फटका जबड्यावर. दोन दात मातीत पडले. मग मान धरून ती त्याला ओढ्याकडे ओढत निघाली. "चल, खा! तुझ्याच हातचं आहे, खा!" आम्ही चौघांनी तिला मागे खेचलं. त्यात माझ्या मनगटाचा तिने चावा घेतला.

दुपारी वडीलधारे बाभळीखाली बसले.

"दिरावर हात उचललास. माफी माग."

"मागते. आधी त्याला खड्डा खणू दे. ही मेलेली सगळी पुरायची, नाहीतर खाणारं आणखी मरेल."

"हात मोडलाय त्याचा."

"एक शाबूत आहे. मी विचार करूनच मारलं."

एका म्हाताऱ्याने हसू लपवायला मान वळवली. खड्डा ठरला.

पार्सालोई तीन दिवस एका हाताने खणत होता. तिपापे सोटा घेऊन उभी. वरून गिधाड उतरू लागलं की दगड मारायची, ओरडायची. कुणी मदतीला गेलं तर त्यालाही दगड. दुसऱ्या दिवशी पार्सालोईने बछड्याला काठीने खड्ड्याकडे लोटलं आणि तसाच थांबला.

"मला एकच मारायची होती, वहिनी."

"खण."

शेवटी सगळ्यावर रॉकेल ओतून जाळलं, मग माती लोटली. तिपापेने तिथेच त्याची माफी मागितली, कोरड्या आवाजात, ठरल्याप्रमाणे. त्याचा हात वाकडाच जुळला.

पुढची दोन वर्षं आमच्याकडे मेलेलं गाढव आठवडाभर कुजत पडायचं. खायला वरून कुणी उतरतच नव्हतं.

आता कुठेही सिंहाने गाय मारली की तिपापे रॉकेलचा डबा घेऊन जाते आणि मांस जळेपर्यंत हलत नाही. एकदा पोरांनी दगड मारून तिचं कपाळ फोडलं. "सिंहांची आई" म्हणून चिडवतात तिला. ती उलट ओरडते, "भाला घेऊन जा ना! समोर उभं राहून मारा, मी पाणी घेऊन येते तुमच्यासाठी. पण मांसात काही कोंबलंत, तर आधी माझ्या तोंडात कोंबा."

तिच्या तोंडात दाणे कोंबायला अजून तरी कुणी पुढे आलेलं नाही.