हेलनचे पणजोबा

आमच्या ह्यांना कुणी नुसतं आडनाव सांगितलं, की हे त्याचं मूळ गाव, कुलदैवत आणि दोन-चार मेलेले नातेवाईक काढून दाखवत. श्रीनिवास दाबके म्हणजे इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्सचा चालताबोलता कुलवृत्तान्त. हॉस्पिटलमध्ये एक्स-रेचे डॉक्टर. दिवसभर काळोख्या खोलीत बसून लोकांची फुप्फुसं बघायची आणि घरी येऊन लोकांचे पूर्वज. एजवेअरला कुणाकडे हळदीकुंकवाला मला सोडायला आले, की दारातच ह्यांना धरून बसवायचे, "दाबके, आमचे मूळचे कोकणातले का हो?" आणि हे तिथेच, अंगात कोट तसाच, तासभर. माणूस मनाने वाईट नाही. पण हौसेला लगाम नसला की काय होतं, ते सांगते.

सत्त्याऐंशी साली आमच्या नंदूने हेलनशी लग्न ठरवलं. दोघं रीडिंगला एकाच कंप्युटर कंपनीत. मुलगी गोड, मनमोकळी. पहिल्याच भेटीत माझ्याबरोबर ओट्यापाशी उभी राहून थालीपीठ थापायला लागली, आणि ते तव्यावर जाईपर्यंत त्याचा नकाशा झाला तरी हसतच होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. वडील, आर्थर हॉगलंड, हल नावाच्या बंदराच्या गावी गणिताचे मास्तर. एकट्याने पोरीला वाढवलं होतं. त्यांचे आजोबा नॉर्वेतल्या एका बेटावरून बोटीवर काम करत हलला आले आणि तिथेच राहिले, एवढं हेलनला माहीत होतं. लग्न आपल्या पद्धतीने करायचं हा हेलनचाच हट्ट. आम्हाला काय, आनंदच.

आता कन्यादानात गुरुजी मुलीच्या तीन पिढ्यांची नावं मोठ्याने घेतात. अमक्याची पणती, तमक्याची नात, ह्यांची कन्या. आमचे गुरुजी एजवेअरचे, सोमवार ते शुक्रवार पोस्टात नोकरी, शनिवार-रविवार लग्नं. ते म्हणाले, "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतो, त्याचं काही अडत नाही. वडील एकटे असले तरी चालतं, कन्यादान करू शकतात. फक्त नावं तेवढी द्या." आर्थरनी फोनवर नावं दिली. आर्थरची मुलगी, जॉनची नात, एलिंगची पणती. संपला विषय!

पण संपेल कसा? ह्यांच्या अंगात आलं. म्हणाले, "सुप्रभा, नुसती नावं काय कामाची? एलिंगचा बाप कोण, गाव कुठलं, सगळं काढतो. लग्नात हॉगलंड घराण्याचा तक्ताच भेट देतो त्यांना." मलाही कल्पना आवडली, खोटं कशाला बोलू. गावातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या नोंदींच्या फिल्म मागवून मशीनवर बघायची सोय होती. नॉर्वेतल्या स्टॅव्हेंगरजवळच्या त्या बेटाच्या चर्चची फिल्म ह्यांनी मागवली. मग काय, दर शनिवारी डबा घेऊन स्वारी तिकडे. मी म्हणायचे, आठवडाभर फिल्म बघून पोट भरत नाही का तुमचं?

आणि एका शनिवारी आले ते तोंड पाडून. डबा तसाच परत.

"गडबड आहे," म्हणाले.

"कसली गडबड?"

"एलिंगचा बाप्तिस्माच नाही. शेजारच्या प्रत्येक शेतावरचं पोर आहे त्या वहीत. त्या काळी तिकडे सरकारी चर्च होतं, पोर जन्मलं की पाद्र्याकडे न्यायचंच. हाच नाही. मागची-पुढची वर्षं पाहिली. नाही." मग आवाज खाली आणून, घरात आम्ही दोघंच होतो तरी, म्हणाले, "बापाचं नाव सांगता येत नसणार."

मला रागच आला. "अहो, हॉस्पिटलमधल्या पोरांना तुम्हीच शिकवता ना, फिल्ममध्ये दिसलं नाही म्हणजे नाहीच असं समजू नका म्हणून?"

"ते फुप्फुसांचं."

"मग आर्थरना एक फोन करून विचारा."

"असं कसं विचारायचं? त्यांना लाज वाटेल!"

बघा! दुसऱ्याला लाज वाटू नये म्हणून ह्यांनी काय केलं, तर त्या माणसाला त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या कन्यादानातून उठवलं. मंत्र म्हणून, अग्नीसमोर, बिनबापाच्या माणसाचं नाव आपल्या घरच्या लग्नात घ्यायचं नाही, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुण्याला आईला कळलं तर काय म्हणेल, हेही होतंच. चाळीस वर्षं इंग्लंडात काढा नाहीतर चंद्रावर काढा, आईची भीती काही सुटत नाही. मी दोन दिवस भांडले. मग पाहुणे, हॉल, केटरर ह्यांच्या गडबडीत मूग गिळून बसले.

ह्यांनी आर्थरना फोन केला. मी शेजारीच उभी होते. इतक्या गोड आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नाहीत. "मिस्टर हॉगलंड, आमच्यात कन्यादानाला जोडपं लागतं हो. तुम्ही एकटे. तेव्हा आमचे मित्र माधव आणि मधुमती हेलनला त्या दिवसापुरती मुलगी मानतील. पद्धतच आहे." मीही रिसीव्हरला कान लावला. मग आर्थर म्हणाले, "अर्थात. तुमची जी पद्धत असेल ती." गुरुजींना ह्यांनी सांगितलं की वडिलांनाच नको आहे. एक खोटं हलला, एक एजवेअरला.

लग्न छान झालं. सगळे तसंच म्हणतात. हेलनने माझी पैठणी नेसली होती. माधव आणि मधुमती पाटावर बसले आणि गुरुजींनी खणखणीत आवाजात माधवच्या बापाचं, आजोबाचं, साताऱ्याच्या वकिलांचं नाव घेतलं, आणि हेलन त्या वकिलांची पणती झाली. आर्थर दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांशी हसून बोलले, श्रीखंड दोनदा घेतलं, संध्याकाळच्या गाडीने परत गेले. घराण्याचा तक्ता अर्थातच दिला नाही. ह्यांनी त्यांना एक शाल दिली.

चार वर्षं गेली. हे रिटायर झाले. मी म्हटलं, आता जरा जग बघू. न्यूकॅसलहून गाडीसकट बोटीत चढायचं आणि नॉर्वे फिरून यायचं असं ठरलं. डोंगर, धबधबे, पाणी, सगळं पाहिलं. पण स्टॅव्हेंगरला आल्यावर ह्यांचा पाय शिवशिवायला लागला. "दप्तरखान्यात जाऊन येऊ, पाचच मिनिटं." मी म्हटलं, झालं!

तिथे एक तरुण बाई होती, इंग्रजी चांगलं बोलणारी. ह्यांनी सगळी कथा सांगितली, आणि शेवटी डॉक्टरी थाटात निदानही सांगितलं, की मूल अनौरस असणार म्हणून नोंद नाही. ती बाई गोंधळून ह्यांच्याकडे बघायलाच लागली. म्हणाली, "पण अनौरस मुलं तर वहीत असतातच. त्यांचाही बाप्तिस्मा व्हायचा. फक्त बाजूला तसं लिहायचे."

हे खिशातून आपलं टिपण काढून चाळायला लागले.

"ज्यांचा बाप्तिस्माच झाला नाही, तेच त्या वहीत नसतात," ती म्हणाली. "तुम्ही सरकारी चर्चच्या बाहेरच्या लोकांत पाहिलंत का?"

आत जाऊन तिने वेगळी कागदपत्रं आणली. अर्धा तासही लागला नाही. एलिंग, बाप टोर्केल, आई मार्टा, रीतसर लग्न झालेले नवरा-बायको. धर्म, क्वेकर. मग तिने समजावून सांगितलं. हे लोक पाद्री मानत नसत, बाप्तिस्मा करत नसत, एकत्र शांत बसून प्रार्थना करत. चर्चचा कर द्यायला नकार द्यायचे, म्हणून सरकारी माणसं येऊन घरातलं काहीतरी उचलून न्यायची. टोर्केलची एकदा गाय नेली होती. तेही तिथे लिहिलेलं होतं.

बाहेर बंदरावरच्या बाकावर हे बसले. ह्यांचं तोंड मी लग्नापासून बघतेय, पण असं कधी पाहिलं नव्हतं. कान लाल, नजर बुटांवर. "सुप्रभा, मी त्या माणसाला पाटावरून उठवलं गं," म्हणाले. मी एरवी सोडलं नसतं. पण पडलेल्याला काय मारायचं? मी म्हटलं, "उतरल्यावर सरळ हलला चला."

आर्थर आता रिटायर झालेले. दोन खोल्या वर, दोन खाली, मागे टोमॅटो लावलेले. आम्ही न सांगता आलो म्हणून त्यांना आनंदच झाला. आमच्याकडून हेलनची खुशाली ऐकली, चहा केला. ह्यांनी आधी आपलं प्रावीण्यच पुढे केलं. सवय हो, जाते का! पिशवीतून दप्तरखान्यातल्या झेरॉक्स बाहेर काढून म्हणाले, "बघा, तुमच्या पूर्वजांचं काय सापडलं!"

आर्थरनी चष्मा लावून नीट पाहिलं. "हो, टोर्केल. गाय नेली ती गोष्ट ना? आजोबा सांगायचे. त्या हिवाळ्यात घरात दूध नव्हतं. माझी आजी इथल्या चर्चची, तेव्हा आम्ही पुढे तिच्यासारखेच झालो. पण आजोबा शेवटपर्यंत गप्प बसूनच प्रार्थना करायचे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थात."

काखेत कळसा आणि नॉर्वेला वळसा! पण तेव्हा हसू आलं नाही.

"बोलला का नाहीत कधी?"

"तुम्ही विचारलं नाहीत, श्रीनिवास."

मग ह्यांनी सांगून टाकलं. इतकं मात्र मी त्यांच्या बाजूने म्हणेन, काही लपवलं नाही. जोडपं लागतं हे खोटं होतं. वहीत नाव नव्हतं म्हणून काय समजलो. म्हणून तुम्हाला बाजूला केलं. बोलताना ह्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते. "मला क्षमा करा. मला ठाऊक नव्हतं की ते असे... असे सच्चे लोक होते."

आर्थरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता रागावतील, रागावले तर बरं होईल. ते म्हणाले, "मी ते शिकलो होतो. नंदूने टेपवर म्हणून दिलं होतं. गाडीत लावायचो, शाळेत जाताना-येताना." आणि त्या स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून, आर्थर हॉगलंड म्हणायला लागले. इंग्रजी जिभेवर संस्कृत अडखळत होतं, तरी कळत होतं. एलिंगची प्रपौत्री. जॉनची पौत्री. माझी... तिथे थांबले. पुढचं आठवेना. "गेलं. वापरलं नाही ना," म्हणाले. "त्या दिवशी त्या जागी दुसरी नावं आली तेव्हा कळलं मला, आमची नावंच काढून टाकलीत. नंदू-हेलनला मीच सांगितलं, लग्नाच्या दिवशी वाद नको."

हे म्हणजे कोसळायचेच बाकी होते. "आर्थर, मला कळायला हवं होतं. ते अनौरस नव्हते..."

"आणि असते तर?" आर्थरनी विचारलं. आवाज चढवला नाही. "समजा, असते. मग काय, ते माझे आजोबा नव्हते? मी तरीही त्यांचं नाव घेतलंच असतं."