लाकडी घंटीतला नंबर

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी आहेत, पण तो मास्तरांनी अंदाजानं लिहिला होता. मी आईनं सांगितलेलं धरतो. तिसरीपर्यंत शिकलो. आकडे येतात, जोडाक्षरात अडखळतो, अन् गावाची ढोरं पंचेचाळीस वर्षं एकट्यानं चारली.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एक गोऱ्हा जंगलात मागं राहिला. सकाळी वाघानं खाल्लेला सापडला. दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे सगळ्या गावाची ढोरं जिथं गोळा होतात तिथं, माझ्या शेजारचा शेतकरी चारचौघांत बोलला, "भाऊ, आता तुमी घरी बसा. नातवंडं खेळवा. दुसरा ढोरकी पाहू आमी."

मी म्हटलं, पोळ्यापर्यंत एक जरी ढोर हरवलं तर माझी काठी तुझ्या दारात आणून ठेवतो. बोलून गेलो. माझं बोलणं मी मोडत नाही हे गावाला माहीत, म्हणून लोक पोळ्यापर्यंत थांबायला तयार झाले.

खरी गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नव्हती. ढोरकी ढोरं डोळ्यांनी कमी अन् कानांनी जास्त राखतो. प्रत्येकीच्या गळ्यातली घंटी निराळी वाजते. मोहाखाली बसल्या बसल्या कळलं पाहिजे, कोण नाल्याकडे उतरली, कोण मागं राहिली. माझे कान दोन वर्षांपासून जात चालले होते. काठी गेली असती तर मी या गावात कोण उरलो असतो, ते मला ठाऊक नव्हतं.

माझी सून चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकलेली. घरी बसून लॅपटॉपवर लोकांची कामं करते. एक दिवस म्हणाली, मामाजी, मला एक काम करून पाहायचं आहे, पण तुमची ढोरं लागतील. तिनं मोठ्या बटणाएवढे बारा तुकडे दाखवले. आत बारकी बॅटरी. प्रत्येक तुकडा सेकंदा-सेकंदाला आपला नंबर हवेत सोडतो अन् जवळचा फोन तो ऐकतो. टॉवर लागत नाही. आमच्या जंगलात टॉवर नाहीच.

ऐकण्याचं मुख्य काम करणारा प्रोग्राम तिचा नव्हता. कोणी तरी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला. त्याला लायब्ररी म्हणतात. या तुकड्यांच्या बोलण्यात नंबर कितव्या जागी असतो, एवढं तिनं त्या लायब्ररीला सांगितलं अन् त्यावर स्वतःचा छोटा ॲप बांधला. पाच मिनिटं एखादा नंबर ऐकू आला नाही, की माझा फोन कळवणार.

"फुकट काऊन देऊन राह्यले ते?" मी विचारलं.

"आखरावरचा हौद कोनं बांधला, मामाजी? कोनी तरी बांधला. पानी सगळेच पाजतेत."

हौदाचं पटलं. मी हो म्हटलं.

जास्त भटकणारी बारा ढोरं मी निवडली. तुकडे कसे बांधायचे ते तिला ठरवू दिलं नाही. ढोराच्या गळ्यातलं मला कळतं. काट्याकुट्यात, पावसात टिकावे म्हणून ते घंटीच्या आतच, वरच्या बाजूला मेणानं बसवले. काम एकदम पक्कं झालं. अन् पहिल्याच दिवशी फोनवर सात नंबर. ढोरं जरा लांब गेली की पाच गप्प.

सुनेनं दोन दिवस लॅपटॉप सोडला नाही. तिला वाटलं, नंबराची जागा सांगण्यात आपलंच चुकलं. तुकडे काढून ओसरीवर मांडले तर बाराही बोलायचे. गळ्यात बांधले की पाच पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हे माझ्यानं होत नाही वाटते, मामाजी.

मी बसून विचार केला, ते पाच कोण? बांडी, दोन काळ्या, शेजाऱ्याची गाभण तांबडी अन् माझी स्वतःची गाय. पाचही गळ्यांत लोहाराच्या लोखंडी घंट्या. बाकी सातांच्या घंट्या मी कोरलेल्या, लाकडाच्या. मी उठलो. एक तुकडा स्टीलच्या डब्यात घातला, झाकण लावलं अन् फोन घेऊन फाटकापर्यंत गेलो. गप्प. तोच तुकडा लाकडी घंटीत ठेवला, पुन्हा फाटक. नंबर आला. तीनदा करून पाहिलं, मग सुनेला हाक मारली.

"तुयं बरोबर आहे, बाई. चूक माही आहे. लोखंड त्याचं तोंड दाबून राह्यलं."

'चूक माही' हे माझ्या तोंडून आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. मुलगा आतून म्हणाला, पुन्हा एकदा म्हणा बाबा, मले नीट ऐकू नाई आलं. सून पदर तोंडाला लावून हसली.

शिवणीच्या लाकडाच्या पाच घंट्या मी दोन दिवसांत कोरल्या. बाराच्या बारा नंबर बोलू लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, ढोरं तळ्याच्या पाळीवर रवंथ करत बसली होती. खिशात फोन थरथरला. नऊ नंबर गेला होता. नऊ म्हणजे शेजाऱ्याची गाभण तांबडी.

आलो त्याच वाटेनं मागं फिरलो. नाल्याजवळ नऊ नंबर पुन्हा दिसला, पण तो किती जवळ ते दाखवणारी बाजूची पट्टी अगदी आखूड. उजवीकडे गेलो, पट्टी विझली. डावीकडे वळलो, वाढली. वाढत वाढत मला बांबूच्या एका दाट रांजीपाशी घेऊन गेली. तांबडी आत बसून वासराला चाटत होती. घंटी वाजतच नव्हती. विसाव्या वर्षीचे माझे कानसुद्धा तिला ऐकू शकले नसते.

संध्याकाळी खांद्यावर ओलं वासरू, मागं हंबरणारी तांबडी अन् पुढं सगळा कळप, असा मी आखरावर आलो. सगळं गाव पाहत होतं. शेजाऱ्यानं वासरू उतरवून घेतलं.

"घंटी ऐकू आली काय, भाऊ?"

हो म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"नाई. माहे कान गेले, दोन वर्षं झाले. तिचा नंबर ऐकू येनं बंद झालं, ते या खिशातल्या फोनानं कळवलं."

त्यानं वासराचं अंग पुसून काढलं. मग म्हणाला, "काठी तुमच्याच दारात राहू द्या."

घरी येऊन सुनेला विचारलं, तुला माझ्या कानाचं कधीपासून माहीत होतं? ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा फोन वाजत नाई, मामाजी, थरथरते. तसा काऊन ठेवला असंन मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव बैलांची शिंगं रंगवत होतं. मी सुनेला तेरावा तुकडा मागवायला सांगितलं, ओसरीवर बसलो अन् वासराच्या गळ्यासाठी शिवणीची मुठीएवढी घंटी कोरली.