अध्यक्षांचं क्रियापद

व्याकरण हे भाषेचं न्यायालय आहे आणि त्याच्यासमोर सगळे सारखे असतात. हे वाक्य मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला ऐकवत असे. ऐकवताना मी स्वतः तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर नुसता नागरिक.

आमच्या ज्युनियर कॉलेजची संस्था दोन भावांची. मोठे अध्यक्ष, धाकटे सचिव. कॉलेज शहराच्या एका टोकाला होतं, पण चालायचं गांधीबागेच्या बाजारातून, अध्यक्षांच्या कापडाच्या ठोक दुकानातून. आमचे हेड क्लार्क, ज्यांना सगळे मोठे बाबू म्हणत, रोज दुपारी फायली घेऊन तिथे जात. गिऱ्हाईक कापडाचं थान उलगडून बघत असलं, की तेवढ्या फुरसतीत गादीवर बसल्या बसल्या सह्या होत. मला कायम करण्याचा कागदही त्याच फायलींत होता. त्यावर दोन्ही भावांच्या सह्या हव्या होत्या. दोघांपैकी एक खूश असला की दुसरा नसायचा, त्यामुळे कागद फायलीत मुरत होता.

अशात नव्या सभागृहाचं भूमिपूजन ठरलं. कोनशिला इंग्रजीत हवी, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं, कारण मराठी सगळ्यांनाच वाचता येतं. मजकूर मला तपासायला दिला. त्यात लिहिलं होतं, ‘द फाउंडर अँड प्रेसिडेंट हॅव लेड धिस स्टोन.’ मी ‘हॅव’ खोडून ‘हॅज’ केलं. दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावणं आलं.

“सर, हे हॅज काहून लावलं गा?”

मी सांगितलं, की ‘अँड’ने दोन माणसं जोडली तर क्रियापद अनेकवचनी होतं. पण संस्थापक आणि अध्यक्ष ही पदं दोन असली तरी माणूस एकच आहे, आपण. म्हणून हॅज.

अध्यक्षांनी मीटरपट्टी बाजूला ठेवली. “म्हणजे शिपायाले हॅज आन मलेही हॅज?”

“इंग्रजीत तसंच आहे, साहेब.”

“मराठीत शिपाई येतो, अध्यक्ष येतात. बरोबर? मंग इंग्रजीत गेलो तर मी शिपाई झालो का?”

“साहेब, इंग्रजीत राजालाही हॅजच लावतात.”

“त्याले चालत असन,” अध्यक्ष म्हणाले. “तो कुठं आपल्या संस्थेचा अध्यक्ष आहे.”

समोरच्या गिऱ्हाईकाने मान डोलावली. त्याला उधारीवर माल हवा असावा. मोठ्या बाबूंनी माझी फाइल सगळ्यात खाली सरकवली. मी खाली मान घालून ‘हॅज’ खोडलं आणि ‘हॅव’ लिहिलं. न्यायालयाचं कामकाज तेवढ्यापुरतं तहकूब झालं.

काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं कोरली गेली. भूमिपूजनाला मंडप, शाली, श्रीफळं, सगळं झालं. अध्यक्षांनी मजकूर स्वतः मोठ्याने वाचला आणि ‘हॅव’वर थोडे थांबले. टाळ्या पडल्या. मग मसालेभात वाढत असताना सचिव माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. ते फारसे बोलत नसत, वडील भावासमोर तर नाहीच.

“सर, एक विचारतो. त्या दगडावर हॅव आहे. हॅव म्हणजे माणसं किती?”

मला तिथेच ठसका लागायला हवा होता. पण वर्गात पंधरा वर्षं हाच प्रश्न विचारल्यामुळे उत्तर जिभेवर तयार होतं. “दोन किंवा जास्त,” मी म्हणालो.

“मंग प्रेसिडेंट दादा,” सचिव शांतपणे म्हणाले, “आन फाउंडर मी. पहिल्या खोलीच्या विटा मी टाकल्या होत्या. आता तर दगडावरच लिहून आलं. तुम्ही इंग्रजीचे सर, तुम्हीच सांगून राहिले.”

हे त्यांनी संध्याकाळपर्यंत संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, दगडाच्या फोटोसकट. खाली लिहिलं, ‘इंग्रजीच्या सरांनी खात्री केली आहे.’ इतक्या वर्षांत माझ्या विषयाचा कोणी एवढा गंभीरपणे उपयोग केला नव्हता.

सकाळी अध्यक्षांचा फोन. “सर, ते हॅज करा.”

“साहेब, कोरलं आहे.”

“मंग पुन्हा कोरा. माणूस एक आहे ना? तुम्हीच म्हणे.”

“आपल्यालाच हॅज कमीपणाचं वाटलं होतं.”

“कमीपणा चालन. भाऊ नाही चालत.”

तासाभरात सचिवांचा निरोप आला. ‘हॅव’ला हात लागला तर माझ्या कागदावर त्यांची सही विसरायची. अध्यक्ष तर आधीच म्हणाले होते, ‘हॅव’ राहिलं तर त्यांची विसरायची. घरी बायको म्हणाली, “तुमचं कायम होणं आता दोन अक्षरी शब्दावर आलंय का?” मी म्हटलं, हो, आणि तेही सहायक क्रियापदावर.

त्या आठवड्यात मी तीन जाडी व्याकरणाची पुस्तकं चाळली. त्यांत कर्ते दोन असण्याची सोय होती, दोन पदांचा एक माणूस असण्याची सोय होती. एकच दगड दोन भावांना वेगवेगळा वाचता यावा, याची सोय कोणीही केलेली नव्हती. लेखक परदेशी होते. त्यांच्या देशात बहुधा संस्था नसाव्यात.

शेवटी मोठे बाबूच बोलले. इंग्रजी त्यांनी सरकारी पत्रांवरून शिकलेलं, आणि ते त्यांनी कधी कोणाला त्रास देण्यासाठी वापरलं नाही.

“सर, ते हॅज-हॅव काढूनच टाका ना. नुसतं लेड ठेवा. लेडले काही समजत नाही, समोर एक उभा आहे का चार. मी तर असंच करतो. जो वाचन त्याले वाटते, आपल्याच मनासारखं लिहिलं.”

मी एम. ए. आहे. हे मला सुचलं नव्हतं.

कारागिराने ‘हॅव’ घासून काढलं. जागा मोकळी दिसू नये म्हणून तिथे एक कमळ कोरलं. आता ‘प्रेसिडेंट’ आणि ‘लेड’ यांच्या मध्ये एक फूल आहे, आणि भेट देणारे त्याचा अर्थ विचारतात. दोन्ही भावांनी स्वतंत्रपणे येऊन दगड पाहिला आणि स्वतंत्रपणे समाधानी होऊन गेले. सभागृह अजून झालेलं नाही. दगडाला टेकून मुलांच्या सायकली उभ्या असतात.

पुढच्या सोमवारी मोठ्या बाबूंनी मला ऑफिसात बोलावलं आणि कागद पुढे केला. खाली दोन सह्या, एकीची शाई निळी, दुसरीची मुद्दाम काळी. मजकूर बाबूंचाच होता. ‘द प्रेसिडेंट अँड द सेक्रेटरी इज प्लीज्ड टू कन्फर्म युवर सर्व्हिसेस.’

दोन माणसं, दोन पदं, मध्ये ‘अँड’, आणि पुढे ‘इज’. ज्या दोघांना एका दगडावर एकत्र बसायचं नव्हतं, त्यांना बाबूंनी एका ‘इज’वर बसवलं होतं. मी खिशातलं लाल पेन चाचपलं.

“काही चुकलं का, सर?” बाबूंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो आणि पोच म्हणून निळ्या पेनाने सही केली.

घरी जाताना सदर बाजारात थांबून मी तो कागद लॅमिनेट करून घेतला.