पासिंगशिवाय चाक हलणार नाही

लहानपणापासून मला उचलून ठेवायची सगळ्यांना सवय. पोलिओने पाय गेले ते मला काही कळायच्या आधीच. मग निफाडच्या आमच्या घरातून कुठेही निघायचं म्हटलं की आधी डबे चढायचे, मग पाण्याचा ड्रम, मग मी. उचलायचे ते आप्पा, म्हणजे माझे वडील. मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर, लग्नाच्या स्टेजवर. त्यांच्या हातांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण उचलून ठेवलेल्या माणसाला, बाई, इथेच बसायचंय ना, असं कुणी विचारत नाही.

पुढे नोकरीसाठी न्यूझीलंडला गेले आणि तिथे हातांनी चालवायची गाडी घेतली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच दांड्यावर. ड्रायव्हरची सीट वळून दाराबाहेर येते. तिच्यावर टेकायचं, कुबड्या मागे टाकायच्या, बटण दाबायचं की मी आत. पहिल्यांदा एकटीने ती गाडी बाहेर काढली त्या दिवशी उगाचच गावाला तीन-चार चकरा मारल्या होत्या.

कायमचं परत यायचं ठरलं तेव्हा गाडी बरोबर आणायची हेही ठरलं. भाऊ म्हणाला, “अगं, नाशकात करून देतात अशा गाड्या.” देत असतील. पण माझ्या हातांना ही सवयीची होती आणि मी हट्टी आहे. नियम वाचून काढले. परदेशातला मुक्काम कायमचा हलवणाऱ्याला स्वतःची वापरलेली एक गाडी आणता येते. ती फार जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वर ड्यूटी भरायची. सगळं बसत होतं. बंदरावर हेलपाटे घातले, तपासण्या झाल्या आणि गाडी ट्रकवर बसून आमच्या अंगणात आली. उरलं फक्त आरटीओचं पासिंग. ते होईपर्यंत चाक रस्त्याला लागणार नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

आप्पांना ते पटेना. गाडी दारात आली की आधी देवाला दाखवायची, ही आमच्याकडची रीत.

“तेवढी त्र्यंबकेश्वरला नेऊन आणू. कोण बघतंय?”

“आप्पा, बिनापासिंगची गाडी पोलिसांनी धरली तर देव सोडवायला येणार नाही.”

ते रुसले. आणि रुसलेला शेतकरी रिकामा बसत नाही. मी कागदांसाठी नाशकात गेले होते, तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं. गाडी समुद्रावरून आलेली, इंजिनामागच्या पत्र्यावर त्यांना तांबूस ठिपके दिसले. द्राक्षबागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल गंजू नयेत म्हणून त्यांना रेड ऑक्साईड मारतात. शेडमध्ये अर्धा डबा उरलेला होताच. गंज दिसला की रंग लावायचा, हे आप्पांच्या हातांना सांगावं लागत नाही. बागेच्या अँगलला मारतात तसेच त्यांनी दोन दाट हात मारले आणि बॉनेट लावून टाकलं. चासी नंबर नेमका त्याच पत्र्यावर कोरलेला होता.

मला हे कळलं ते आरटीओत. गाडी ट्रकवरून तिथे नेली, आप्पाही बरोबर आले. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की कोरलेले आकडे कागदावर उमटतात. ती प्रिंट कागदांशी जुळली तरच पुढचं काम. तपासणीच्या साहेबांनी बॉनेट उघडून पेन्सिल घासली. कागदावर उमटले ते ब्रशचे फराटे.

“हे कोणी केलं?”

“मी,” आप्पा कौतुकाने म्हणाले. “दोन हात दिलेत. आता लय वर्षं बघायला नको.”

“काका, चोरीच्या गाडीचा नंबर लपवायला असाच ताजा रंग मारतात.” साहेब रागावले नव्हते. “नंबर वाचता येत नाही तोवर मला पासिंग करता येणार नाही.”

बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण आप्पांचा चेहरा उतरला आणि मला इतका संताप आला होता, की त्यांच्याकडे बघवेना.

फाटकाबाहेर एक एजंट गाठ पडला. “ताई, कशाला टेन्शन घेता? माझा माणूस आहे, बाजूला नवा नंबर ठोकून देईल. तुमच्यासारख्यांना कोणी फार ताणत नाही.”

तुमच्यासारख्यांना. हा शब्द ऐकण्यात माझी अर्धी जिंदगी गेली आहे.

“माझ्या गाडीला तिचा नंबर आहे,” मी म्हणाले. “तोच मी काढून दाखवीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षांची कॅरेट उलटी रचून त्यांच्यावर बसले आणि बॉनेटमध्ये वाकले. भाऊ तारेचा ब्रश घेऊन आला, त्याला हाकललं. आकड्यांवर ओरखडा उठला तर संपलंच सगळं. थिनर, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि बोथट केलेली बांबूची काडी, एवढंच घेतलं. भिजवायचं, थांबायचं, टिपायचं. कुबड्यांनी माझे पंजे कमावलेले आहेत, ते दमत नाहीत.

आप्पा बाजूला येऊन बसले. मी मनात चांगली धारदार वाक्यं तयार ठेवली होती. बराच वेळ ते चिंध्या फाडून देत राहिले. मग म्हणाले, “गंजानी गाडी खाल्ली आन् वाटंत बंद पडली, तर तुला उचलायला मी थोडाच असणारे जन्मभर, तायडे.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“बंद पडली तर फोन करीन, आप्पा. मेकॅनिक येईल, गाडी उचलेल. मला उचलायला नाही लागणार कोणी.”

त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली, विळ्याने नीट तासून परत दिली. दुपार कलली तेव्हा तांबड्या रंगातून पहिला आकडा वर आला. खालचा मूळ रंग जरा फिका झाला होता, पण कोरीव काम शाबूत होतं.

पुन्हा ट्रक, पुन्हा आरटीओ. या वेळी पेन्सिलीखाली सगळे आकडे ओळीने उमटले. साहेबांनी ते एकेक करून कागदांशी ताडून पाहिले, हाताचा ब्रेक तपासला आणि मला आवारात एक फेरी मारायला लावली. एजंट भिंतीपाशी उभा होता. मी त्याच्या अगदी जवळून वळण घेतलं, गरज नसताना.

नंबरप्लेट लागली त्या सकाळी आईने अंगणात गाडी ओवाळली. मी दार उघडून बटण दाबलं, सीट बाहेर आली. आप्पा सवयीने पुढे झाले, गुडघ्यात वाकले, दोन्ही हात माझ्याकडे केले. तोवर मी टेकले होते आणि सीट आत वळत होती. त्यांचे हात तसेच राहिले.

“आप्पा,” मी म्हणाले, “तुम्ही पलीकडून बसा. त्र्यंबकेश्वरला जायचंय.”