दादाने पाडलेलं भोक

आमच्या शेवटच्या भेटीत आम्ही दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हतो. दादा त्याच्या समुद्री माशांच्या टाकीपाशी स्टुलावर उभा होता, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि मी खाली उभी राहून त्याला झापत होते. घरी येताना तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत तो दोनदा कठड्याला धरून थांबला होता, हे मला वहिनीने सांगितलं होतं. "ईसीजी काढलास का?" मी विचारलं. "काढतो गं. आधी इकडे बघ ना जरा, हे भोक दिसतंय?" खालून वर पाणी आणणाऱ्या पांढऱ्या पाइपावर त्याने बोट ठेवलं होतं. "लाइट गेली ना, की हे भोकच..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "भोक राहू दे बाजूला. ईसीजीचं बोल." तो हसला. म्हणाला, "तुला दवाखान्यात बसवली ना, तर माणसं भीतीनेच बरी होतील." मग वहिनीने चहा आणला आणि दोन्ही विषय तिथेच राहिले.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत. शाळेत मधली सुट्टी होती, मुलांचा गलका चालला होता आणि वहिनीचा फोन आला. "नंदा, ये गं लवकर. हे उठतच नाहीयेत..." मी डोंबिवलीहून कल्याणला पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. सोफ्यावर टेकून बसल्या बसल्याच तो गेला होता, टाकीकडे तोंड करून. एकोणसाठावं चालू होतं त्याला. मी गॅस बंद केला का हे बघायला रिक्षातून उतरून परत घरी जाणारी बाई आहे. आयुष्यभर नको त्या हजार गोष्टींची धास्ती घेतली आणि जी खरी होती तिच्यापुढे चहा पीत बसले. हे मला अजून पचलेलं नाही.

आम्ही मूळचे ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी. बाबांची लहानशी होडी होती. पिंपातलं डिझेल कॅनमध्ये काढायचं काम दादाकडे असायचं. नळीचं एक टोक पिंपात, दुसरं तोंडात, एक जोराचा ओढा, आणि धार लागली की पटकन तोंड बाजूला. मग पिंप रिकामं होईपर्यंत ती आपली आपण चालू. मी सात-आठ वर्षांची असेन, मला ती न थांबणारी धार बघूनच घाबरायला व्हायचं. "दादा, बंद कर, सगळं सांडेल!" मी ओरडायचे. तो शांतपणे पिंपातलं टोक वर उचलायचा. नळीत हवा शिरायची, गुडगुड व्हायचं आणि धार थांबायची. "घाबरतेस काय? हवा लागली की धार तुटते," तो म्हणायचा. त्याला कुठलंही यंत्र असं एका वाक्यात समजायचं. पुढे तो एका कारखान्यात पंपांच्या देखभालीला लागला आणि कल्याणला घर घेऊन राहिला, पण खाडी काही त्याच्या डोक्यातून गेली नाही.

टाकी आणली तेव्हा आमची आई होती. चार फूट लांब काच, तिच्यात दगड, दुसऱ्या एका छांदिष्टाने दिलेली पोवळ्यांची कलमं आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. आई समोर बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आमी मावरं मारून पोरं वाढवली, न माझा पोर मावऱ्याला दवाखाना काढून बसला." दादा बादलीत बाजारचं मीठ कालवत होता, तर आई म्हणे, "अरं, मीठ इकत आणून कुनी दर्या करतं का? आपली खाडी काय आटली?" हे मात्र दादाला लागलं. कोळ्याचं रक्त. दुसऱ्याच रविवारी तो ठाण्याला गेला आणि सहा कॅन भरून खाडीचं पाणी घेऊन आला. दोन दिवसांत पहिली जोडी उलटी झाली. सगळी पोवळी मिटली. आईनेच विचारलं, "आपल्या पान्यानं मेली?" आणि तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तेव्हापासून दादा पाणी गाळण्याच्या मागे लागला तो लागलाच. म्हणायचा, मासे कोणीही पाळतो गं, पाणी पाळावं लागतं.

टाकीखालच्या कपाटात त्याने आणखी एक लहान टाकी बसवली होती. वरचं पाणी एका नळीने खाली यायचं, गाळलं जायचं आणि पंप ते पाइपाने परत वर चढवायचा. खाली एक स्किमर होता. म्हणजे पाण्यात बारीक फेस करून त्या फेसाबरोबर घाण वर काढणारी उभी नळी. विकत आणला तसा तो स्किमर जेमतेम आठवडाभर राहिला असेल. मग दादाने त्याच्या पंपाची फिरकी काढली, पाती कापली आणि त्या जागी प्लास्टिकच्या जाळीचे तुकडे बांधले, बुडबुडे बारीक व्हावेत म्हणून. वरची मान लहान पडते म्हणून लोणच्याची पारदर्शक बरणी बूड कापून चिकटवली. हवा कमीजास्त करायला मात्र त्याला मनासारखा कॉक मिळेना. आई गेली त्या आजारात तिला घरीच सलाईन लावायचो. ती नळी त्याने टाकली नव्हती. थेंब कमीजास्त करायचं तिच्यावरचं छोटं चाक त्याने स्किमरला लावलं. मला कळलं तेव्हा मी भडकलेच. "लाज नाही वाटत?" त्याने चाक किंचित फिरवलं, फेस दुधासारखा झाला. "आईचं काहीतरी चालू राहिलं ना," म्हणाला. मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. बरणीत चहासारखं काळं पाणी जमायचं आणि त्याचा वास असा की सुकवलेली वाकटी मासळी परवडली.

वहिनीने इतक्या वर्षांत त्या पाण्यात कधी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. तो तुमचा संसार, म्हणायची. पण दादाचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि ती मला म्हणाली, "नंदा, यातलं काही मरता कामा नये. मला आता या घरात मेलेलं काही बघायचं नाहीये." मी म्हटलं, नाही मरणार. असं वचन द्यायला मला काय कळत होतं? मी इयत्ता सहावीला मराठी शिकवते.

झालं, माझ्या जिवाला नवा घोर लागला. शाळेतून फोन करायचे : पंप चालतोय का, फेस येतोय का, दोन्ही मासे दिसतायत का. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थेट कल्याण. दादाने कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. पन्नास नळ्या, गाठी, जोड, आणि कुठली कशासाठी ते फक्त त्याच्या डोक्यात. मी आपली दिसेल ते पुसत होते. टाकीच्या वरच्या कडेला बाटलीचा एक कापलेला तुकडा अडकवलेला होता, शेवाळाने हिरवागार. घाण म्हणून तो मी फेकून दिला. पुढच्या शनिवारी बघते तर भिंत ओली. पांढऱ्या पाइपाला बरोबर पाण्याच्या रेषेवर एक बारीक भोक होतं आणि त्यातून तुषार उडत होते, थेट प्लग लावायच्या बोर्डाच्या दिशेने. खारट पाणी आणि वीज! पाइप फुटला, मला वाटलं. देवापाशी दादाच्या फोटोपुढे विझलेली उदबत्ती होती, तिची काडी मोडून मी भोकात ठोकून बसवली आणि वरून प्लंबर लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. तुषार थांबले. वहिनीला अभिमानाने दाखवलं सुद्धा. "शेवटी बहीण कोणाची!" ती म्हणाली. दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

आमच्याकडे वीज दुरुस्तीसाठी जायची ती बहुधा शुक्रवारी. त्या शुक्रवारी मी पेपर तपासत होते. वहिनीचा फोन. "लाइट गेली... आणि नंदा, पाणी उलटं चाललंय! वरचं सगळं खाली येतंय, खालची टाकी भरून वाहतेय, घरभर पाणी झालंय." "पंप बंद करा!" "अगं, लाइटच नाही तर पंप कुठला? आपोआप चाललंय!" मी पेपर तसेच टाकले, मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं आणि रिक्षा पकडली. कल्याणच्या पत्रीपुलापाशी ती अडकली. पुढेही जाईना, मागेही जाईना. फोनवर वहिनी पाणी कुठवर उतरलं ते सांगत होती. "वरची पोवळी उघडी पडली... लोळागोळा झालीत गं. मासे खालच्या दगडाला चिकटलेत." मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे वहिनीचा चेहरा होता. मला या घरात मेलेलं काही बघायचं नाहीये...

आपोआप चाललंय, ती म्हणाली होती. न थांबणारी धार. मी आयुष्यात आधी कुठे बघितली होती? आणि त्या रिक्षात, हॉर्नच्या कल्लोळात, दादाचं वाक्य मला पुरतं ऐकू आलं. लाइट गेली ना, की हे भोकच... पाण्याचा झोत खालच्या दगडांपर्यंत जावा म्हणून त्याने पाइपाचं तोंड टाकीत खोल उतरवलं होतं. पंप बंद पडला की त्याच पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जाणार, पिंपातल्या डिझेलसारखं, तोंड उघडं पडेपर्यंत. म्हणून पाण्याच्या रेषेवर भोक. पाणी बोटभर उतरलं की भोक उघडं, आत हवा, आणि विषय संपला. तुषार बोर्डावर जाऊ नयेत म्हणून बाटलीचा तुकडा. त्याने सगळा विचार केला होता आणि मी सगळं स्वच्छ करून ठेवलं होतं.

"वहिनी, हात घाला टाकीत! पांढऱ्या पाइपावर टेप आहे, ती ओरबाडा, आतली काडी उपटा!"

"मी? मला नाही जमणार गं..."

"हवा लागली की धार तुटते, वहिनी! काढा!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. स्टूल सरकलं. मग नुसती वहिनीची धाप. मी रिक्षाच्या दांडीला घट्ट धरून बसले होते. आणि मग फोनमधून, अगदी बारीक, पण नक्की तेच... गुडगुड.

"थांबलं," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काय झालं ताई, कोण सिरियस आहे का?" मी म्हटलं, "हो. पण आता ठीक आहे."

मी पोचले तेव्हा वहिनी गुडघ्यापर्यंत साडी खोचून फरशीवरचं पाणी फडक्याने टिपत होती. आम्ही दोघींनी बादलीत मीठ कालवलं, दादाच्या मापाने मोजलं, कपबशीने ओतल्यासारखं हळूहळू वर सोडलं. पोवळ्यांचं एक कलम गेलं, त्याचा पांढरा सांगाडा अजून तिथे आहे. मासा एकच दिसत होता. दुसरा शनिवारी संध्याकाळी दगडामागून बाहेर आला, तोवर आम्ही दोघी जेवलो नव्हतो.

आता दर शनिवारी मी स्टुलावर चढते. त्या भोकात शेवाळ धरतं, ते बुजून चालणार नाही. ज्या उदबत्तीच्या काडीने मी ते बंद केलं होतं, तीच काडी आतून फिरवून साफ करते आणि टाकीच्या कडेवर ठेवून देते. तिथे आता बाटलीचा नवा तुकडाही लावलाय. एरवी सगळं वहिनीच बघते. स्किमरची बरणी धुते, आईचं चाक फिरवते, हात बिनधास्त पाण्यात.

गेल्या शनिवारी ती गाळलेल्या पाण्याचा कॅन खालून घेऊन आली आणि दारातच थांबली, कठड्याला धरून. मी स्टुलावर होते. "वहिनी, तुम्ही ईसीजी काढलात का?"

"काढते गं," ती धापा टाकत म्हणाली. "आधी ते भोक बघ."

मी भोक बघितलं. काडी नीट फिरवली, धार मोकळी झाली याची खात्री केली. मग खाली उतरले, हात पुसले, माझ्या चपला घातल्या आणि वहिनीच्या चपला उचलून तिच्या पायांसमोर ठेवल्या.