थुंकी गोळा करणाऱ्या मावशी

"गिळू नगा," मावशी म्हणायच्या आणि समोरच्या माणसाच्या हनुवटीखाली तळवा धरायच्या, लहान मुलाला औषध पाजताना धरतात तसा. "आपसूक साठू द्या. साठलं की सोडा नळीत."

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती. तिच्याखालून माणसं आत यायची आणि आत मावशी त्यांना थुंकायला सांगायच्या. कुंडलच्या एका आजोबांनी नळी हातात धरून विचारलं, "दंड तर न्हाई ना व्हनार?"

"थुकला न्हाई तर व्हईल," मावशी म्हणाल्या.

मी साताऱ्याचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सांगलीच्या एका मोठ्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा मावशी तिथे मदतनीस होत्या. वडूजच्या पलीकडच्या माळावरच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. नवरा वारल्यावर भावाच्या दारात बसायचं नाही म्हणून एकट्या सांगलीला आलेल्या. शाळा पाहिलेली नव्हती, पण आकडे बिनचूक वाचायच्या. नळ्यांवर नंबरच्या चिकटपट्ट्या लावणं त्यांच्याकडेच होतं. तुम्हीही एखाद्या दवाखान्यात अशी बाई पाहिली असेल, जिला सगळे मावशी म्हणतात आणि जिचं खरं नाव कुणाला आठवत नाही.

आमच्याकडे एक तरुण डॉक्टर प्रबंध लिहीत होते. कानाखाली, जबड्याच्या कडेला लाळेच्या ग्रंथी असतात. तिथे गाठ आली तर ती साधी की वाईट, हे थुंकीतल्या काही प्रथिनांवरून कळेल का, हे त्यांना शोधायचं होतं. विचार चांगला होता. तपासायला सुई टोचली की गाठ पिसाळते, असा समज गावोगाव होता. माणसं सुईला भिऊन वर्षवर्ष सुजलेला गाल घेऊन हिंडायची. नुसत्या थुंकीवर भागलं असतं तर कितीजण वेळेत आले असते.

नमुना सकाळी उपाशीपोटी, मिसरी न लावता द्यायचा. मिसरी लावून आलेली बाई मावशी दारातच ओळखायच्या आणि माघारी धाडायच्या. एकदा एका म्हातारीच्या तोंडाला भीतीनं कोरड पडली. नळीत थेंब पडेना. मावशी तिच्याजवळ टेकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चिचंचा आकडा आठवा. मीठ लावल्याला. वर वाईच तिखाट." नळी भरली. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं.

डॉक्टर मात्र संतापले. चिंचेच्या आठवणीनं सुटलेली लाळ वेगळी, आपोआप साचलेली वेगळी. नमुना फुकट गेला.

"मग आदी सांगायचं हुतं," मावशी म्हणाल्या. "काम सांगता, कारन सांगत न्हाई. मला कसं कळायचं?"

त्या दिवसापासून डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीचं कारण सांगावं लागलं. बर्फ कशाला, निरोगी माणसांची थुंकी कशाला, रकाने दोन का. तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती, तेव्हा मावशींनीही आपली नळी भरून दिली आणि स्वतःच्या हातानं तिच्यावर बेचाळीस नंबर चिकटवला.

सात-आठ महिन्यांनी एके सकाळी त्यांनी माझी बोटं धरून आपल्या कानाखाली ठेवली. "दादा, हितं बगा. हरबरा हाय का मला भास हुतोय?"

हरभराच होता. कडक. बोटाखाली जराही सरकत नव्हता.

डॉक्टरांनी पुन्हा थुंकी घेतली. चार दिवसांनी आकडे आले. अगदी निरोगी माणसासारखे. डॉक्टरांना मनापासून हायसं वाटलं. "काळजी करू नका मावशी. आकडे चांगले आहेत. तीन महिन्यांनी बघू."

"आकडं चांगलं हायती. पर गाठ हाय की."

"साधी असेल."

"असंल म्हंजे? सुई घाला."

सुई मागून घेणारं माणूस डॉक्टरांनी तोवर पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, घाई नको. दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वतःच केसपेपर काढला आणि शस्त्रक्रिया विभागाच्या रांगेत जाऊन बसल्या. मुकादम शोधत आला, तर त्याला म्हणाल्या, "झाडायला मागनं येते. आज मी पेशंट हाय."

सुई झाली. सुईतून निघालेल्या पेशींची काचपट्टी आमच्या शेजारच्याच खोलीत तपासली गेली. गाठ वाईट निघाली.

मोठ्या सर्जननी त्यांना समोर बसवून सांगितलं, की चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते. गाठ तिला चिकटली असेल तर नस कापावी लागेल, तोंड एका बाजूला ओघळेल.

"गाठ समदी निगंल?"

"प्रयत्न करू."

"मग तोंडाचं काय घिऊन बसलाय?"

तिथे त्या असं बोलल्या खऱ्या. ऑपरेशनच्या सकाळी मी वॉर्डात गेलो, तर त्या खाटेवर बसून शीळ घालत होत्या. मेंढरं वळवताना घालतात ती, लांबलचक आणि शेवटाला उंच जाणारी. सिस्टर धावत आल्या, "मावशी, हा वॉर्ड आहे!"

"हाय म्हायती," मावशी म्हणाल्या. "उद्यापास्नं यायची न्हाई. म्हनून घालून घेतली." आणि आणखी एकदा घातली. सिस्टर पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

नस कापावी लागली. पुढे किरणांचे शेकही घ्यावे लागले. पाच महिन्यांनी मावशी कामावर आल्या, तेव्हा ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता आणि चहा पिताना हनुवटीवरून ओघळ यायचा. कुणीतरी सुचवलं, तोंडावर पदर घ्या. "त्वांड काय चोरून आनलंय व्हय?" मावशींनी विचारलं आणि तो विषय संपला.

तोवर प्रबंध बांधणीला जायच्या बेतात आला होता. वहीतली नावं-नंबर चांगल्या अक्षरात उतरवायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टर म्हणाले, "बेचाळीस नंबर गाळा. त्या स्टाफमधल्या, त्यातून आधी निरोगी गटात होत्या. उगाच गोंधळ." मी गाळला. खरं सांगतो, मला त्यात फार काही वाटलंही नाही. एक ओळ कमी लिहायची, एवढंच.

मावशी टेबल पुसायला आल्या. उघड्या कागदावरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस.

"माजा नंबर कुटं हाय?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मावशी, तुमचा नमुना धरला तर सगळा निष्कर्ष ढिला पडतो. समजून घ्या."

"समजतंय मला. तुमीच शिकिवलंय. थुकी चांगली आली आन गाठ वंगाळ निगाली. ह्ये लिवायचं न्हाई, व्हय?"

"प्रबंध माझा आहे, मावशी."

"थुकी माजी हाय."

डॉक्टरांचा आवाज चढला. आता तुम्ही मला शिकवणार का, वगैरे. मावशी पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसल्या. बाहेर रांग खोळंबली होती. वाकड्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते, मधूनमधून लाळ गळत होती, तरी त्या सावकाश, एकेक शब्द धरून बोलल्या. "उद्या माज्यावानी कोन येईल. तुमचं पुस्तक वाचून तिला कुनी सांगंल, थुकीत काय न्हाई, घरला जा. आन ती जाईल. माजा नंबर लिवा. त्याबिगार मी उठनार न्हाई."

डॉक्टर ताडकन बाहेर निघून गेले. मी पेन उचललं आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत, बारीक अक्षरात, बेचाळीस लिहिला. नोकरीत कुणाला न विचारता केलेलं माझं ते पहिलंच काम.

तासाभरानं डॉक्टर परतले. कागद पाहिला. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "असं दाटीवाटीनं नको. पान नव्यानं लिहा. त्यांचे दोन्ही नमुने घाला." प्रबंधाच्या शेवटी वाक्य आलं, की केवळ लाळेच्या आकड्यांवर विसंबून सुईची तपासणी टाळू नये.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. मावशी निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं. दशक संपता संपता एका तपासणी शिबिरासाठी वडूजला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांचं गाव गाठलं. भावाच्या घराशेजारी त्यांनी स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. दाराला कुलूप होतं.

"दिवाळीच्या आदी गेली," भावजय म्हणाली. "गाठ परत आली हुती."

तिनं पाणी दिलं आणि तक्रारच सुरू केली. "लय वंगाळ खोड बगा तिची. लगीन न्हाई, बारसं न्हाई, दिसंल त्या बाईच्या गालाला हात लावायची. कानाखाली चाचपायची. बायका तिला बगून पळायच्या."

अंगणात एक तरणी बाई मटकी निवडत बसली होती. तिनं मान वर केली, कानामागचे केस बाजूला केले. कानापासून मानेपर्यंत बारीक, पांढुरकी रेघ होती. चेहरा सरळ होता.

"मी बी पळाले हुते," ती म्हणाली. "शिव्या बी दिल्या. तिनं सोडली न्हाई, सांगलीच्या गाडीत बशिवलं. आन गाडी हलस्तवर खिडकीला धरून एकच सांगत हुती, डाक्टर काय बी म्हनू दे, तू सुईच माग."